विश्वासार्ह तक्रार : प्लेगचे पुणे आणि कलंदियाचा नाका

पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अहवालात समाधान व्यक्त करणारे एक विधान आहे. घरतपासणीच्या काळात कुणा स्त्रीच्या शीलाला जाणूनबुजून धक्का लावल्याची एकही विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे किंवा सैन्याच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही, असा त्याचा आशय. कामावरच्या सैनिकांवर बारकाईने नजर ठेवली होती, असेही तो म्हणतो. चापेकरांवर लिहिणारे हे विधान बहुधा रँडचा निगरगट्टपणा दाखवण्यासाठी वापरतात. मला त्यातले एकच विशेषण महत्त्वाचे वाटते. तक्रारी आल्याच नाहीत, असे रँड म्हणत नाही. आल्या त्या विश्वासार्ह नव्हत्या, असे म्हणतो. तक्रार कोणाविरुद्ध, तर त्याच्या हाताखालच्या माणसांविरुद्ध. ती विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवणार कोण, तर तो स्वतः. आणि सैनिकांवर नजर ठेवणारेही त्याचेच.

या विशेषणाला उत्तर देऊ शकेल असे लेखन कोणते, हा या लेखाचा प्रश्न आहे. दारात उभ्या असलेल्या सशस्त्र माणसाकडे बघत राहायचे आणि जे दिसले ते लिहून काढायचे, एवढेच ज्याचे काम, असा एक लेखनप्रकार जगात आहे. आपल्या समीक्षेने त्याला अद्याप नाव दिलेले नाही. पुण्यात १८९७ साली त्याची फार गरज होती. त्याचे सर्वांत चिकाटीचे रूप मला सापडले ते इस्रायली स्त्रियांनी पॅलेस्टिनी प्रदेशातल्या लष्करी नाक्यांवर उभे राहून लिहिलेल्या टिपणांत. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचण्याचा हा प्रयत्न आहे. एकीकडे रोगाची साथ होती, दुसरीकडे १९६७पासून चालत आलेला लष्करी ताबा आहे. हा फरक मोठा आहे आणि तो पुसण्याचा माझा इरादा नाही. साम्य आहे ते दारातल्या प्रसंगात. एका बाजूला बंदूक आणि हुकूम, दुसऱ्या बाजूला कामावर, दवाखान्यात किंवा स्वतःच्याच घरात जाऊ पाहणारा माणूस.

आधी पुणे. साथीच्या रोगांचा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झाला. कायदा इवलासा, जेमतेम चार कलमांचा. त्याचे चौथे कलम असे की, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कुणावरही दावा लावता येणार नाही. म्हणजे पहिली सैनिकी तुकडी कुणाच्या ओसरीवर चढण्यापूर्वीच न्यायालयाचे दार बंद झालेले होते. उरला तो तक्रारअर्ज, उरले ते वर्तमानपत्र. १२ मार्चला मेजर पॅजेटच्या हुकमतीखाली गोरे आणि देशी मिळून ८९३ अधिकारी व शिपाई प्लेगच्या कामावर नेमले गेले. १३ मार्चला कामाला सुरुवात झाली आणि १९ मेपर्यंत ते चालले. त्याआधी तीनच दिवस, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या होत्या. आजाऱ्याला खांद्यावरून दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली. हे येथे सांगितले ते अशासाठी की, रोग खरा होता, दवाखान्यांची गरज खरी होती आणि सरकारी उपायांना सरसकट विरोध करणारे सगळेच शहाणे नव्हते.

टिळकही सरसकट विरोधक नव्हते. रोगी वेगळे ठेवले पाहिजेत हे त्यांना मान्य होते. पुण्यातली बरीच पुढारी मंडळी गाव सोडून गेली असता ते राहिले, हिंदू प्लेग हॉस्पिटल काढले, विलगीकरण छावणीत मोफत अन्नछत्र चालवले आणि तपासणीच्या तुकड्यांबरोबर स्वयंसेवक म्हणून घरोघर हिंडले. टिळकांच्या चरित्रांत ही शेवटची गोष्ट एका ओळीत उरकलेली असते. मला ती कळीची वाटते. सोजिराच्या मागोमाग घरात शिरणारा, सोजीर काय करतो ते पाहणारा आणि घरच्यांना त्यांच्या भाषेत समजावणारा हा शिकलेला माणूस म्हणजे नाक्यावरच्या निरीक्षकाचा मराठी पूर्वज. फक्त त्याच्या हातात वही नव्हती. निदान त्या वहीचे पान आपल्यापर्यंत आलेले नाही. आपल्यापर्यंत आला तो अग्रलेख. अग्रलेख काय झाले हे सांगतो, ते का चूक आहे हे सांगतो, राज्यकर्त्याला जाब विचारतो. कोणत्या पेठेत, कोणत्या तारखेला, किती वाजता, कितीजण, किती वेळ उभे होते, हे सांगणे त्याचे काम नाही. रँडच्या विशेषणाला जे उत्तर हवे होते ते नेमके या रूक्ष तपशिलांचे होते.

या उणिवेची किंमत गोखल्यांनी मोजली. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेत होते. पुण्याहून येणारी मित्रांची पत्रे वाचून एकतीस वर्षांच्या त्या प्राध्यापकाने 'मँचेस्टर गार्डियन'ला जुलैच्या आरंभी सांगितले की, सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला. खळबळ उडाली. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर गोखल्यांना पुरावा देता येईना. ज्यांनी लिहिले होते त्यांची नावे उघड करणे त्यांना शक्य नव्हते, आणि रँड-आयर्स्ट यांच्या खुनानंतरच्या त्या आठवड्यांत पुण्यात कोण पुढे येणार होते? ४ ऑगस्ट १८९७ रोजी त्यांनी बिनशर्त माफी मागितली. गव्हर्नरची, प्लेग कमिटीची आणि सैनिकांचीही. ही माफी गोखल्यांच्या पाठीला आयुष्यभर चिकटली.

ते माफीपत्र भाषेच्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यात लपवाछपवी नाही, पळवाट नाही. सभ्य माणसाने सभ्यपणे शब्द मागे घेतलेला आहे. पण त्याचा अर्थ आपण नीट लावलेला नाही. जहालांनी तो भ्याडपणा मानला, मवाळांनी मनाचा मोठेपणा. दोन्ही बाजू गोखल्यांच्या स्वभावाबद्दल बोलत राहिल्या. माझ्या मते ते पत्र म्हणजे पुराव्याच्या एका पद्धतीच्या पराभवाची नोंद आहे. सहा हजार मैलांवरून, ऐकीव पत्रांच्या आधारे, नाव न घेता केलेला आरोप, तो खरा असला तरी, टिकत नाही. आणि तो एकदा कोसळला की शेजारचे सगळे खरे आरोपही त्याखाली गाडले जातात. सरकारला तेच हवे होते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी. 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात मे महिन्यात त्यांचे पत्र छापून आले. प्लेगच्या व्यवस्थेत त्यांच्या संस्थेतल्या मुलींचे काय झाले, छावणीत आणि दवाखान्यात बायकांना कशाला तोंड द्यावे लागते, हे त्यांनी लिहिले. पार्लमेंटात प्रश्न निघाला, गव्हर्नर सँडहर्स्टने त्यांचे म्हणणे खोडून काढले. रमाबाई हटल्या नाहीत. त्या हटल्या नाहीत याचे कारण त्यांच्या बाणेदार स्वभावात शोधायची आपल्याला सवय आहे. स्वभाव होताच. पण त्याहून साधे कारण असे की, ज्या मुलींबद्दल त्या बोलत होत्या त्यांना त्या नावानिशी ओळखत होत्या. गोखल्यांकडे बातमी होती, रमाबाईंकडे हजेरीपट होता. पुण्याच्या त्या साऱ्या कागदपत्रांत नाक्यावरच्या टिपणाच्या सर्वांत जवळ जाणारे लेखन मला रमाबाईंचे वाटते, आणि ते एका बाईने लिहिलेले असावे हा मला योगायोग वाटत नाही.

आता नाके. दुसरा इंतिफादा सप्टेंबर २०००मध्ये सुरू झाला आणि वेस्ट बँकेतल्या गावागावांमध्ये इस्रायली लष्कराचे तपासणी नाके वाढत गेले. २००१च्या आरंभी जेरुसलेममधल्या तीन स्त्रियांनी 'मखसोम वॉच' हा गट सुरू केला. हिब्रूत मखसोम म्हणजे अडसर, नाका. गट फक्त स्त्रियांचा, त्यातही पुष्कळशा पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, शिकलेल्या, इस्रायली नागरिक. पुढे त्यांची संख्या काही शेंवर गेली. पद्धत अगदी साधी. दोघी-तिघींनी पहाटेची किंवा दुपारची पाळी वाटून घ्यायची, कलंदिया, बेथलेहेम किंवा नाब्लुसजवळच्या हुवाराच्या नाक्यावर जाऊन उभे राहायचे, बघायचे, गरज पडली तर अधिकाऱ्याला फोन लावायचा, आणि घरी जाऊन पाळीचे टिपण लिहायचे. गटाच्या संस्थापकांपैकी एक येहुदित केशेत यांनी या अनुभवावर २००६ साली इंग्रजीत पुस्तकही लिहिले. पण माझा भर त्या पुस्तकापेक्षा टिपणांवर आहे.

ती टिपणे वाचणे हे कंटाळवाणे काम आहे, हे आधीच सांगतो. पहाटे साडेचारला रांग कुठवर होती. किती खिडक्या असायला हव्या आणि किती उघड्या होत्या. मानवतावादी फाटक नावाचे एक वेगळे दार असते, म्हाताऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, बायकांसाठी. ते उघडायला शिपाई किती वाजता आला. एका माणसाला दवाखान्याचा परवाना असून का परत पाठवले. कुणाला उन्हात किती वेळ बसवून ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वाचताना महिनोन् महिने काही घडतच नाही असे वाटते. मग ध्यानात येते की घडते आहे ते हेच. एका प्रसंगावर अग्रलेख लिहिता येतो. रोजच्या दोन तासांवर अग्रलेख लिहिता येत नाही. माणसाच्या आयुष्यातले दोन तास रोज कुणीतरी काढून घेते, ही गोष्ट दाखवायची तर ती रोजच लिहावी लागते. तिला दुसरा कोणताही अलंकार चालत नाही. आपल्याकडे वास्तववादावर एवढी चर्चा झाली, पण पुनरावृत्ती हेच ज्याचे बळ आहे अशा गद्याला जोखण्याची मोजपट्टी आपल्यापाशी नाही. 'तोचतोचपणा' हा आपल्या परीक्षणांत दोषच असतो.

इथे एक जवळची आठवण नोंदवतो. मी मिहानच्या बाजूला, वर्धा रोडपासून जवळच राहतो. २०२०च्या उन्हाळ्यात हैदराबादकडून त्या रस्त्याने चालत येणाऱ्या मजुरांना अन्न, पाणी, चपला देणारे हात नागपुरात पुष्कळ निघाले आणि त्यांचे मोल मोठे आहे. त्या वेळी अंमल होता तो याच १८९७च्या कायद्याचा. वाटलेल्या पाकिटांची मोजदाद अनेकांनी ठेवली. जिल्ह्याच्या सीमेवर कुणाला किती तास थांबवले, कोणता कागद मागितला, कुणाला परत फिरवले, याची वही मात्र माझ्या पाहण्यात आली नाही. आपल्याकडे सत्यशोधन समित्यांची परंपरा चांगली आहे. आणीबाणीनंतरच्या नागरी हक्क संघटनांनी तयार केलेले अहवाल, विशेषतः दिल्लीतल्या १९८४च्या शीखविरोधी हिंसेवरचा पीयूसीएल आणि पीयूडीआर यांचा, हे भारतीय गद्याचे महत्त्वाचे दस्तऐवज आहेत. पण समिती घटना होऊन गेल्यावर जाते. ती जळालेले घर पाहते, जबाब घेते. घटना घडत असताना तिथे उभे राहणे ही वेगळी शिस्त आहे आणि ती आपण फारशी केलेली नाही. दया दाखवणे आपल्याला जमते, बघत उभे राहणे अवघडल्यासारखे होते.

मखसोम वॉचचे सर्वांत गाजलेले टिपण मात्र शब्दांत नाही. नोव्हेंबर २००४मध्ये नाब्लुसजवळच्या बैत इबा नाक्यावर एक पॅलेस्टिनी तरुण सैनिकांसमोर उभा राहून व्हायोलिन वाजवतो आहे, असे दृश्य गटातल्या एका स्त्रीने कॅमेऱ्यात टिपले. इस्रायलमध्ये गदारोळ झाला. लष्कराने पुढे सांगितले की सक्ती झाली नव्हती. त्या तरुणाचे म्हणणे वेगळे होते. वाद तो नाही. वाद असा की, त्याच नाक्यांवर माणसे मेली, बाळंतिणी अडकल्या, तेव्हा इतका क्षोभ झाला नव्हता. मग व्हायोलिनने का व्हावा? कारण नाझी छळछावण्यांत ज्यू वादकांना वाजवायला लावत, ही स्मृती त्या समाजाच्या हाडात आहे. पाहणाऱ्याला तरुण दिसला नाही, स्वतःचा आजोबा दिसला.

हे इस्रायलींना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. पुण्यातही तेच झाले. वर्तमानपत्रांतून जो संताप उसळला त्यात बूट घालून स्वयंपाकघरात शिरणे, देवघर विटाळणे, देवाच्या मूर्ती फेकणे याला अग्रस्थान होते. ज्यांच्या घरात देवघराला वेगळी खोलीच नव्हती, ज्यांची झोपडी आणि चीजवस्तू एका चुडीत गेली, त्यांचे काय? त्यांच्याबद्दल त्या मजकुरांत फार थोडे येते. तपासणीवर नजर ठेवणारे पेठांतले गृहस्थ होते आणि नजर पेठेच्या वेशीवर थांबत होती. निरीक्षक आपल्याच जखमेच्या आकाराचे दुःख आधी ओळखतो. मखसोम वॉचच्या कंटाळवाण्या टिपणांचा मोठेपणा मला इथेच दिसतो. व्हायोलिनच्या दृश्याने जे एका दिवसात केले ते त्यांना कधीच साधले नाही, पण व्हायोलिन नसलेल्या माणसाचीही नोंद त्यांनी ठेवली.

या लेखनाची दुसरी अडचण अधिक अवघड आहे. बाई उभी असली की शिपाई जरा नीट बोलतो, फोन केला की फाटक लवकर उघडते. ठीक. पण मग नाका अधिक सुसह्य होतो, आणि सुसह्य झालेला नाका टिकतो. आपण निषेधाला आलो आहोत की व्यवस्थेचे तेलपाणी करायला, हा प्रश्न त्या स्त्रियांनी स्वतःलाच विचारला. केशेत यांच्या पुस्तकातही त्याची चर्चा आहे आणि ती प्रामाणिक आहे. पुढे प्रश्नाने आणखी एक वळण घेतले. उघड्यावरचे नाके जाऊन तिथे इमारती आल्या, लोखंडी फिरती दारे आली, शिपाई काचेमागे गेला. उभे राहून पाहण्यासारखे कमी होत गेले. २०१९मध्ये कलंदियाला चेहरा ओळखणारी यंत्रे बसली आणि सकाळची रांग खरोखरच आखूड झाली. आता टिपणात काय लिहायचे? शिवी दिली नाही, ढकलले नाही, वेळही फार लागला नाही. माणूस स्वतःच्याच प्रदेशात परवान्याशिवाय पलीकडे जाऊ शकत नाही, हे मात्र तसेच राहिले, आणि ते मिनिटांत मोजता येत नाही. घड्याळ हेच ज्या लेखनाचे मुख्य साधन, त्याची मर्यादा इथे येते. ऑक्टोबर २०२३नंतर तर बहुतेक मजुरांचे परवानेच बंद झाले. ज्या रांगेत उभेच राहता येत नाही, तिची लांबी कोण मोजणार?

तरीही या स्त्रियांना एक गोष्ट उपलब्ध होती, जी पुण्यातल्या कुणालाही नव्हती. समोरचा शिपाई त्यांच्या नातवाच्या वयाचा, त्यांच्याच भाषेत बोलणारा. त्यांना हाकलता येई, शिव्या देता येत आणि तसे झालेही, पण त्यांचे म्हणणे 'विश्वासार्ह नाही' म्हणून सहज बाजूला टाकता येत नसे. रांगेतला पॅलेस्टिनी माणूस तेच सांगत होता आणि कितीतरी आधीपासून. त्याच्या सांगण्याला वजन येण्यासाठी राज्यकर्त्या समाजातल्या बाईची सही लागावी, यात जो अन्याय आहे तो या टिपणांच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आहे. म्हणून ही टिपणे वाचताना आदर वाटतो आणि त्याबरोबर चीडही येते.

पुण्यात ती सही देणारे कुणी नव्हते. तिथे पाहणाराही अंकित आणि ज्याला पाहायचे तोही अंकित. नातू बंधूंची हकीकत त्यासाठी ध्यानात ठेवावी. पुण्याचे हे सरदार घराणे. चापेकरांच्या आख्यानात नातूंचा उल्लेख येतो तो संशयित म्हणून, आणि त्यात त्यांचे प्लेगमधले काम झाकले जाते. डिसेंबर १८९७मध्ये आपल्या अमरावतीला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते, सी. शंकरन नायर अध्यक्ष. नायर यांनी अध्यक्षीय भाषणात पुण्याचा विषय टाळला नाही. एका हिंदू स्त्रीवर सैनिकाने हात टाकल्याची तक्रार नातूंनी अधिकाऱ्यांकडे केली होती, साक्षीदारही हजर केले होते आणि तिची काही दखल घेतली गेली नाही, असे त्यांनी भर सभेत सांगितले.

म्हणजे गोखल्यांजवळ जे नव्हते ते सगळे या तक्रारीत होते. तक्रारदाराचे नाव होते, प्रतिष्ठा होती, साक्षीदार होते, आणि ती विलायतेच्या वर्तमानपत्रात न जाता रीतसर योग्य त्या टेबलावर गेली होती. त्याच वर्षी जुलैअखेर, १८२७च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, सरकारने दोघा नातू बंधूंना खटला न चालवता स्थानबद्ध केले. अमरावतीच्या मंडपात ते भाषण चालले होते तेव्हा ते अटकेतच होते. त्यांची सुटका १८९९मध्ये झाली. आरोप शेवटपर्यंत ठेवला गेला नाही.